बंद पडलेला सॉफ्टवेअर रेडिओ : आधी केबल, शेवटी फर्मवेअर

कापडाच्या बाजारात वय वाढले की तंटे मिटवण्याचे काम न मागता गळ्यात पडते. थान मापात कमी भरले, रंग उतरला, उधारी थकली, असले वाद ऐकण्याची आम्हाला सवय आहे. परंतु गेल्या वर्षी जो वाद आमच्या गादीवर आला, त्यातली वस्तू आम्ही आयुष्यात प्रथमच पाहत होतो. हातात मावणारी काळी प्लास्टिकची पेटी. एका टोकाला अँटेना बसवण्याची सोनेरी चुडी, दुसऱ्या टोकाला यूएसबीची खाच, आणि अंगावर बारीक बारीक दिवे.

वादात दोघे होते. एक मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवणारा तरुण, दुसरा पॉलिटेक्निकचा विद्यार्थी. विद्यार्थ्याने दोन वर्षे शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते आणि त्यातून ही पेटी घेतली होती. तो म्हणाला, "चाचा, संगणकाला दिसत नाही म्हणून मी दुरुस्तीला दिली. याने तर मारूनच टाकली." दुकानदार म्हणाला, "चाचा, आली तेव्हाच बंद होती. मेलेल्याला मी काय मारणार?" मूळ कंपनीच्या अशा पेटीची किंमत तीनशे डॉलरच्या वर जाते. विद्यार्थी पूर्ण किंमत मागत होता. दुकानदाराची तेवढी भरपाई देण्याची ऐपत नव्हती, आणि मोहल्ल्यात नाव खराब होण्याची भीती वेगळीच.

आम्ही दोघांना सांगितले की पेटी आणि तिची केबल दोन दिवस आमच्याकडे अमानत म्हणून राहू द्या. आमची भाची इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने पेटी संगणकाला लावली, दिव्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "मामू, ही मेलेली नाही. हिची फक्त शुद्ध हरपली आहे."

त्या दिवशी तिच्याकडून जे समजले ते आम्ही दुकानाच्या वहीत उतरवून घेतले. दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक तरुण आहेत, त्यांच्यासाठी ते येथे देत आहोत.

ही पेटी म्हणजे काय?

जुन्या रेडिओत स्टेशन लावायला गँग, सिग्नल गाळायला कॉइल, आवाज वेगळा काढायला आणखी एक भाग, असे प्रत्येक कामाला वेगळे सामान असे. सॉफ्टवेअर रेडिओत हवेतील लहरींचे आकडे केले जातात आणि ते आकडे संगणकाकडे पाठवले जातात. स्टेशन निवडणे, गाळणे, आवाज काढणे ही पुढची कामे संगणकातील प्रोग्रॅम करतो. म्हणून एकाच पेटीवर एफएम स्टेशन ऐकता येते, आणि प्रोग्रॅम बदलला की विमाने १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा सांगतात तीही पडद्यावर पाहता येते.

आमच्याकडे आलेल्या पेटीचे नाव हॅकआरएफ वन. अमेरिकेतील मायकेल ऑसमन यांनी ती तयार केली आणि त्यांच्या ग्रेट स्कॉट गॅजेट्स या कंपनीमार्फत २०१४ मध्ये ती ग्राहकांच्या हाती पडू लागली. १ मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत ती चालते. तिचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवलेला असल्याने तिच्या नकलाही बाजारात विकल्या जातात.

दुरुस्ती करणाऱ्याने एक गोष्ट मनात पक्की धरावी. या रेडिओचा अर्धा भाग पेटीत आहे आणि अर्धा संगणकात, आणि दोघांना जोडणारी केबल मध्ये आहे. तेव्हा ऐबसुद्धा तिन्ही ठिकाणी असू शकतो. फक्त पेटी उघडून बसणारा कारागीर दोन ठिकाणे न पाहताच निकाल देतो.

चौथी गोष्ट फर्मवेअर. पेटीच्या आतील चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा लिहिलेला असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. आपल्या विणकर भावांना हे जकार्डवरून लगेच कळेल. माग तोच असतो, पण पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ सांगेल तशी नक्षी उमटते. माळ दुसऱ्या मागाची लावली किंवा अर्धीच ओवली, तर माग धडधाकट असूनही कापड बिघडते. फर्मवेअर म्हणजे या पेटीची पत्त्यांची माळ.

मागावर कापडात दोष दिसला तर शहाणा जॉबर आधी धागा पाहतो, मग भीम पाहतो, मग धोटा पाहतो. माळेला हात शेवटी लावतो. या पेटीचेही तसेच आहे.

चार दिव्यांची भाषा

पेटी केबलने संगणकाला जोडली की चार दिवे लागले पाहिजेत. त्यांच्यावर ३व्ही३, १व्ही८, आरएफ आणि यूएसबी अशी नावे छापलेली असतात. आरएक्स आणि टीएक्स हे आणखी दोन दिवे आहेत, पण ते प्रत्यक्ष ऐकण्याचे किंवा प्रक्षेपणाचे काम चालू असतानाच लागतात. ते बंद दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

३व्ही३ लागला म्हणजे पेटीला वीज मिळते आहे. १व्ही८ आणि आरएफ लागले म्हणजे फर्मवेअर जागे आहे आणि त्याने आतील बाकीचे वीजपुरवठे चालू केले आहेत. यूएसबी लागला म्हणजे पेटीचे संगणकाशी बोलणे सुरू झाले आहे.

एवढे पाठ केले की अर्धे निदान पेटी न उघडता होते :

एकही दिवा नाही : वीजच पोहोचत नाही. केबल, संगणकाची खाच किंवा पेटीची खाच पाहावी.

पहिले तीन लागले, यूएसबी बंद : पेटी ठीक आहे, फर्मवेअरही ठीक आहे. संगणकापर्यंत बोलणे पोहोचत नाही. केबल बदलावी, खाच बदलावी.

फक्त ३व्ही३ लागला, बाकी बंद : वीज आहे, पण फर्मवेअर उठत नाही. फर्मवेअरचा विचार या स्थितीत करायचा.

चारही लागले, तरी प्रोग्रॅम पेटी ओळखत नाही : ऐब संगणकाच्या बाजूला आहे.

आमच्या भाचीने पेटी लावली तेव्हा फक्त ३व्ही३ पेटला होता. तिने दुकानदाराला बोलावून विचारले, "भाईजान, पेटी तुमच्याकडे आली तेव्हा किती दिवे लागत होते?" तो आठवून म्हणाला, "तीन लागत होते, एक बंद होता." भाची म्हणाली, "मग तेव्हा फर्मवेअर जिवंत होते. खोट केबलमध्ये होती."

केबल आणि खाच

विद्यार्थ्याची केबल तिने एका मोबाईलला लावून पाहिली. मोबाईल चार्ज होत होता, पण त्यातला एकही फोटो संगणकावर येत नव्हता. बाजारात अशा स्वस्त केबली भरपूर आहेत. यूएसबीच्या पूर्ण केबलीत विजेच्या दोन तारा आणि माहितीच्या दोन तारा असतात. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलीत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. अशा केबलीवर वीज मिळते, फर्मवेअर उठते, तीन दिवे लागतात आणि चौथा कधीच लागत नाही.

आता या प्रकरणातील दैवयोग पाहा. दुकानदाराने पेटी तपासायला घेतली तेव्हा काही वेळाने त्याने आपल्या टेबलावरची चांगली केबल लावली होती. त्याच क्षणी रोग गेला होता. पण फर्मवेअर बदलायचे हे त्याने कुठलासा व्हिडिओ पाहून आधीच ठरवले होते. चौथा दिवा लागला की नाही हे त्याने पाहिले नाही. नवे फर्मवेअर लिहिणे सुरू केले, काम पूर्ण होण्याआधी केबल काढली, आणि चांगली पेटी बेशुद्ध झाली.

म्हणून दुरुस्तीच्या दुकानात दोन-तीन केबली तपासून, त्यांना चिठ्ठी बांधून वेगळ्या ठेवाव्यात. त्या चार्जिंगला वापरू नयेत. पेटी आली की पहिली चाचणी तिच्याबरोबर आलेल्या केबलीवर करावी आणि दुसरी आपल्या खात्रीच्या केबलीवर. पेटी शक्यतो संगणकाच्या मूळ खाचेत थेट लावावी. एका खाचेचे चार फाटे करणारे हब मध्ये नको. मोठ्या संगणकात पुढच्या खाचेवर अडले तर मागची खाच वापरून पाहावी.

चारही दिवे लागून आवाज तुटत असेल तरी आधी याच वाटेकडे पाहावे. ही पेटी पूर्ण वेगाने चालवली तर सेकंदाला २ कोटी नमुने घेते. प्रत्येक नमुन्याचे दोन आकडे, म्हणजे सेकंदाला ४ कोटी बाइट केबलीतून जातात. यूएसबी २.० च्या वाटेवर हा बोजा जवळजवळ तोंडापर्यंत भरलेला असतो. जुना संगणक किंवा मधला हब तेवढे पेलत नाही आणि मधले नमुने गळतात. प्रोग्रॅममध्ये वेग १ कोटी किंवा ८० लाखांवर आणला आणि आवाज सुधारला, तर पेटी निर्दोष आहे. मात्र ८० लाखांच्या खाली जाऊ नये. त्याखाली आतील गाळणी पुरी पडत नाही आणि शेजारचे सिग्नल आत घुसतात.

संगणकाची परवानगी

चारही दिवे लागले आणि तरीही प्रोग्रॅम म्हणतो की पेटी सापडत नाही. अशा वेळी पेटीला दोष देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, दुसरा कोणता प्रोग्रॅम पेटी धरून बसला आहे काय? ही पेटी एका वेळी एकाच प्रोग्रॅमचे ऐकते. मागचा प्रोग्रॅम नीट बंद झाला नसेल तर दुसऱ्याला ती व्यग्र असल्याचा संदेश मिळतो. सगळे प्रोग्रॅम बंद करावेत, पेटी काढून पुन्हा लावावी.

दुसरी, परवानगी. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात साध्या वापरकर्त्याला यूएसबीच्या वस्तूला हात लावण्याची मुभा काही वेळा नसते. तपासणी मुख्य अधिकाराने केली तर पेटी सापडते, साध्या खात्यावरून केली तर सापडत नाही, असे झाले की ऐब परवानगीचाच. त्यासाठी यूडेव्हचा नियम असतो, तो घालून संगणक पुन्हा सुरू करावा.

तिसरी, ड्रायव्हर. विंडोजवर पेटीला विनयूएसबी नावाचा ड्रायव्हर लागतो. सहसा तो आपोआप बसतो. न बसल्यास झाडिग नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम तो बसवून देतो. त्यात यादीतून नेमकी वस्तू निवडण्याची खबरदारी घ्यावी. चुकून माउस किंवा कीबोर्ड निवडला तर त्याचाच ड्रायव्हर बदलतो आणि ग्राहकाचा संगणक अडून बसतो.

निदानासाठी पेटीच्या मूळ सामग्रीबरोबर हॅकआरएफ-इन्फो नावाची आज्ञा मिळते. ती चालवली की पेटीचा अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती आणि संगणकातील सामग्रीची आवृत्ती दिसते. हे उत्तर आले म्हणजे पेटी, केबल आणि संगणक यांचे बोलणे चालू आहे. मग उरलेला दोष वापराच्या प्रोग्रॅममध्ये शोधावा.

फर्मवेअर कधी बदलावे?

आवृत्तीचे आकडे साल आणि महिन्यावरून असतात. उदाहरणार्थ, २०२४.०२.१ म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारीची. पेटीतील फर्मवेअर एका काळातील आणि संगणकातील सामग्री दुसऱ्या काळातील असेल तर काही कामे चालतात, काही अडतात. अशा वेळी दोन्ही बाजू एकाच आवृत्तीवर आणणे योग्य. परंतु पेटी नीट चालत असेल आणि ग्राहकाची तक्रार नसेल, तर केवळ नवे आले म्हणून बदलण्याची घाई नको.

बदलायचेच असेल तर क्रम असा ठेवावा. फर्मवेअर मूळ निर्मात्याच्या प्रकाशित संचातूनच घ्यावे, कोणी पाठवलेली फाइल वापरू नये. फाइल आपल्याच पेटीच्या नावाची आहे याची खात्री करावी. लिहिण्याचे काम हॅकआरएफ-स्पायफ्लॅश ही आज्ञा करते. हीच आज्ञा जुने फर्मवेअर वाचून संगणकात जपूनही ठेवते, ते आधी करावे. नवी माळ चढवण्यापूर्वी जुनी फेकायची नसते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवावा. लिहिणे चालू असताना केबल, टेबल, कशालाही हात लावू नये. काम संपल्याचे पडद्यावर आल्यावरच रिसेटचे बटण दाबावे किंवा केबल काढून पुन्हा लावावी. आवृत्ती बदलली का ते हॅकआरएफ-इन्फोने पाहावे.

बेशुद्ध पेटी शुद्धीवर

आता फक्त पहिला दिवा लागणाऱ्या पेटीकडे येऊ. फर्मवेअर अर्धवट लिहिले गेले तरी पेटी मरत नाही, याचे कारण तिच्या चिपमध्ये आहे. एनएक्सपी कंपनीच्या त्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक भाग असतो. त्यावर कोणालाही, चुकूनसुद्धा, लिहिता येत नाही. फर्मवेअर बिघडले तरी हा भाग नवे फर्मवेअर यूएसबीवरून घेऊ शकतो. त्याला जागे करण्यासाठी पेटीवर डीएफयू नावाचे बटण दिलेले आहे.

भाचीने केले ते असे. डीएफयूचे बटण दाबून धरले. ते धरलेले असतानाच रिसेटचे बटण दाबून सोडले. ३व्ही३ दिवा लागल्यावर डीएफयू सोडले. या वेळी १व्ही८ दिवा बंदच राहायला हवा, तीच खूण. संगणकाला तेव्हा हॅकआरएफ दिसत नाही, नुसती एनएक्सपीची चिप दिसते. म्हणून विंडोजवर या अवस्थेसाठी झाडिगने वेगळा ड्रायव्हर बसवावा लागू शकतो.

मग तिने डीएफयू-यूटिल या प्रोग्रॅमने डीएफयू शेपटीची फर्मवेअर फाइल पेटीत पाठवली. क्षणभरात बाकीचे दिवे लागले. दुकानदार आनंदाने केबल काढायला पुढे झाला. भाचीने त्याचा हात धरला. "थांबा! हे फर्मवेअर अजून तात्पुरत्या स्मरणात आहे. केबल काढली की पुन्हा अंधार."

या ठिकाणी नवशिके फसतात. डीएफयूने पाठवलेले फर्मवेअर वीज जाताच पुसले जाते. पेटी शुद्धीवर असतानाच हॅकआरएफ-स्पायफ्लॅशने बिन शेपटीची फाइल कायमची लिहावी लागते. तिने ती लिहिली, संपल्याची ओळ येईपर्यंत सगळ्यांना टेबलापासून दूर उभे केले आणि मग रिसेट दाबले. चारही दिवे लागले. हॅकआरएफ-इन्फोने आवृत्ती दाखवली. एफएमचे स्थानिक स्टेशन लावल्यावर आवाज आला, तेव्हा विद्यार्थ्याचे डोळे भरून आले.

फर्मवेअरने जे सुधरत नाही

काही तक्रारी रोगच नसतात. पडद्यावर सिग्नलच्या बरोबर मध्यभागी एक उंच टोक सतत दिसते. पुष्कळ ग्राहक ते बिघाड समजतात. या जातीच्या रेडिओत ते असायचेच. हवे ते स्टेशन मध्यापासून थोडे बाजूला घ्यावे म्हणजे अडचण होत नाही.

काही रोग मात्र खरे असतात आणि फर्मवेअरने जात नाहीत. चारही दिवे लागतात, संगणक ओळखतो, पण पेटी बहिरी झाली आहे. जवळचे जोरदार स्टेशनही मंद येते, आणि आतील अँप्लिफायर चालू केला तर सिग्नल वाढण्याऐवजी घटतो. हा बहुधा अँप्लिफायर जळल्याचा पुरावा. या पेटीच्या अँटेनाच्या तोंडाला उणे ५ डीबीएमपर्यंतच सिग्नल सोसतो, म्हणजे एका मिलिवॉटचा सुमारे एक तृतीयांश. हातातील वॉकीटॉकी काही वॉट सोडते, हजारो पटींनी जास्त. ती पेटीच्या अँटेनाजवळ वापरली की तोंडाचा भाग जाऊ शकतो. तो बारीक टाके घालणाऱ्या हुनरमंद कारागिराने बदलायचा. ग्राहकाला तसे स्पष्ट सांगावे, फर्मवेअरचा खेळ करून पैसे घेऊ नयेत.

काही पेट्यांवर पोर्टापॅक नावाचा पडदा आणि बटणे चढवलेली असतात. त्यावर त्याचे स्वतःचे फर्मवेअर चालते. अशी पेटी संगणकाला जोडली तरी तिच्या यादीतून हॅकआरएफ मोड निवडेपर्यंत संगणक तिला ओळखत नाही. हे ठाऊक नसलेला कारागीर चांगल्या पेटीला बिघडलेली ठरवतो.

छोटी डोंगल

शिकाऊ मुले तीनशे डॉलरची वस्तू घेत नाहीत. ती आरटीएल-एसडीआर नावाची डोंगल घेतात, तिचा चांगला नमुना तीस-चाळीस डॉलरला येतो. मूळ ही डोंगल संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी होती. तिच्यातील रियलटेकची चिप कच्चे आकडे देऊ शकते हे हौशी मंडळींच्या लक्षात आले आणि २०१२ पासून ती रेडिओ म्हणून वापरात आली. ती फक्त ऐकते, प्रक्षेपण करत नाही.

हिच्यात बदलण्याजोगे फर्मवेअर नसते. तेव्हा फर्मवेअर बदलून देतो असे कोणी म्हणाला तर समजून घ्यावे. हिचा नेहमीचा रोग ड्रायव्हरचा. संगणक तिला अजून टीव्हीचीच वस्तू समजतो आणि टीव्हीचा ड्रायव्हर तिला पकडून ठेवतो. विंडोजवर झाडिगने विनयूएसबी बसवावा, लिनक्सवर टीव्हीच्या ड्रायव्हरला मनाई यादीत टाकावे. २०२३ मध्ये आलेल्या आरटीएल-एसडीआर ब्लॉग व्ही-४ या नमुन्याला नवा ड्रायव्हरच लागतो. जुन्यावर तो नीट स्टेशन लावत नाही आणि ग्राहक माल खराब म्हणून परत करतो. विक्री करणाऱ्याने पावतीबरोबर एवढी एक ओळ लिहून दिली तर परत येणारा माल कमी होईल.

धंदा आणि कायदा

हॅकआरएफ ऐकते तशी प्रक्षेपणही करते. भारतात परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे गुन्हा आहे. हौशी रेडिओचा परवाना सरकारी परीक्षा देऊन मिळतो, शिकणाऱ्या मुलांनी तो जरूर घ्यावा. दुकानात चाचणी करायची ती एफएम स्टेशन ऐकून. प्रक्षेपणाच्या बटणाला हात लावू नये. दुसऱ्याचे खासगी संदेश ऐकण्यासाठी किंवा सिग्नल अडवण्यासाठी कोणी पेटी तयार करून मागितली तर पैसे कितीही देवो, सरळ नाही म्हणावे. बाहेरून असा माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याने आयातीच्या अटी आधी पाहून घ्याव्यात.

दुरुस्तीला वस्तू घेताना चार ओळींची चिठ्ठी करावी. कोणते दिवे लागतात, कोणती केबल सोबत आली, फर्मवेअरची आवृत्ती काय आहे, आणि फर्मवेअर बदलण्यास ग्राहकाची संमती आहे काय. खाली ग्राहकाची सही. तपासणीची मजुरी वेगळी आणि दुरुस्तीची वेगळी लावावी. मग केबलीचाच दोष निघाला तरी कारागिराची मेहनत वाया जात नाही, आणि मजुरी काढण्यासाठी नसलेला रोग दाखवण्याचा मोहही होत नाही.

आता त्या तंट्याचा निकाल. केबल विद्यार्थ्याची होती, पण खराब केबल घेणे हा काही गुन्हा नाही. न विचारता फर्मवेअरला हात लावणे आणि काम अर्धे असताना केबल काढणे, ही चूक दुकानदाराची. पेटी चालू झाली म्हणून किमतीचा प्रश्न उरला नाही. दुकानदाराने मजुरी घेऊ नये आणि एक पूर्ण तारांची केबल द्यावी, असे आम्ही सांगितले. दोघांनी मान्य केले आणि आमच्यासमोर चहा घेतला.

दुकानदाराने भाचीकडून चार दिव्यांचा तक्ता लिहून घेतला आणि टेबलासमोरच्या भिंतीवर लावला. तक्त्याच्या वर त्याने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे : "आधी केबल." आता कोणीही पेटी घेऊन आला की तो ती उघडत नाही. आधी ग्राहकाची केबल काढून बाजूला ठेवतो, आपली चिठ्ठी बांधलेली केबल लावतो आणि दिवे मोजतो.